फर्न म्हणजे काय रे भाऊ?

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली, की घरच्यांच्या लेखी आपण सर्वज्ञ होतो. मिक्सर बंद पडला, तिला विचारा. टीव्हीवर मुंग्या आल्या, तिला विचारा. मी सिव्हिलला आहे, मिक्सर माझ्या सिलॅबसमध्ये नाही, हे सांगून काही उपयोग नसतो. पण 'कुत्र्याने फर्न खाल्लं तर त्याला काही होतं का?' हा प्रश्न कुठल्याच ब्रँचच्या सिलॅबसमध्ये नसावा. तो मला ऑगस्टमधल्या एका रात्री पावणेअकराला आला. दुसऱ्या दिवशी फ्लुइड मेकॅनिक्सची टेस्ट होती आणि बर्नुलीसाहेब अजून भेटायचे होते.

फोन आईचा होता. आमचं घर घोलवडजवळ, चिकूच्या वाडीच्या कडेला. बाबा वापीला कंपनीत, आणि त्या आठवड्यात त्यांची नाइट शिफ्ट. म्हणजे घरात आई आणि बंड्या. बंड्या हा आमचा गावठी कुत्रा. रंग पिवळट, एक कान उभा, एक पडलेला, वजन १४ किलो (हे वजन त्या रात्रीमुळेच कळलं). वाडीत नारळाची झावळी पडली तरी तो भुंकतो, आणि त्या भुंकण्याच्या भरवशावर आई शिफ्टच्या आठवड्यात एकटी झोपते. त्यामुळे 'कुत्रंच ते, काहीतरी खाणारच' असं म्हणून फोन ठेवता येण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

"कुठलं फर्न?" मी विचारलं.

"फर्न गं! कुंडीतलं. पडवीभर पाला पसरलाय."

"पण कुठल्या कुंडीतलं?"

"आता अंधारात काय सांगू? तीन आहेत ना!"

तीन होती खरी. त्यातली दोन आईने महिन्यापूर्वी हायवेवरच्या, तलासरीजवळच्या एका नर्सरीतून आणली होती. दोन्ही 'फर्न' म्हणूनच घेतलेली. तिसरं फाटकाजवळ जमिनीतच लावलेलं, मी जन्मले त्या वर्षी आजोबांनी लावलेलं. त्याची पानं तशीच कातरलेली दिसतात म्हणून आई त्याला 'मोठं फर्न' म्हणते. मी तिला म्हटलं, टॉर्च घे, तिन्हींचे फोटो काढ, आणि एकेक पान उलटं करूनही काढ. पावसात आमच्याकडे रेंजचा आनंदच असतो. फोटो येईपर्यंत मी आणि माझी रूममेट शोधायला बसलो.

मित्रांनो, इथली खरी मेख अशी, की 'फर्न' हे नर्सरीत झाडाचं नाव नसतंच. तो एक 'लुक' असतो. बारीक, पिसासारखी, हिरवीगार पानं दिसली की झालं फर्न! आमच्या घरच्या तीन 'फर्न'पैकी खरं फर्न एकच निघालं. उरलेली दोन त्याची लांबची नातेवाईकही नाहीत. आणि कुत्र्याच्या पोटात गेल्यावर तिघांची वागणूक तीन प्रकारची.

खऱ्या फर्नला मराठीत नेचा म्हणतात. शाळेत 'टेरिडोफायटा' हा शब्द आपण सगळ्यांनी पाठ करून विसरलेला असतो, तोच हा गट. याला फूल येत नाही, फळ येत नाही, बी नसते. पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके येतात आणि त्यांत धुळीसारखे बीजाणू असतात. त्यावरच याचा वंश चालतो. पावसाळ्यात आमच्या विहिरीच्या आतल्या दगडांतून जे नाजूक हिरवे झुपके बाहेर येतात ते नेचे. आंब्याच्या जुन्या खोडांवर वाढणारं बाशिंग हाही नेचाच. कुंडीत जो सर्रास मिळतो तो 'बोस्टन फर्न', शास्त्रीय नाव नेफ्रोलेपिस. ग्रीकमध्ये नेफ्रॉस म्हणजे मूत्रपिंड आणि लेपिस म्हणजे खवला. ठिपक्यांवरच्या झाकणाच्या आकारावरून हे नाव पडलं. अमेरिकेत १८६६ साली स्थापन झालेली एएसपीसीए नावाची प्राण्यांसाठी काम करणारी संस्था आहे. तिचं स्वतंत्र विषबाधा केंद्र आहे आणि त्यांनी झाडांची यादीच करून ठेवली आहे. त्या यादीत बोस्टन फर्न कुत्र्यांना विषारी नाही असं स्वच्छ लिहिलंय. हावरटपणे जास्त खाल्लं तर एखादी उलटी होईल, पण ती गवत खाऊनही होते.

गवतावरून आठवलं. कुत्रं गवत खायला लागलं की आपल्याकडे लगेच 'पोट बिघडलंय त्याचं' असा निकाल देतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी हजाराहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना विचारून २००८ मध्ये याचा अभ्यास छापला. ६८ टक्के कुत्री रोज किंवा आठवड्यातून कधीतरी झाडपाला खायचीच. त्याआधी वरचेवर आजारी दिसणारी फक्त ८ टक्के, आणि नंतर नेहमी उलटी करणारी २२ टक्के. थोडक्यात, पाला खाणं हा कुत्र्याचा आजार नसून स्वभाव आहे. तेव्हा 'आमचा कुत्रा शहाणा आहे, तो झाडाला तोंड लावत नाही' या भ्रमात राहू नये. बंड्या तर साबणही खातो.

दुसरं 'फर्न' म्हणजे ॲस्पॅरॅगस फर्न. याला तुम्ही सगळे ओळखता. गॅदरिंगला पाहुण्यांना देतो त्या बुकेमध्ये जरबेराच्या मागे जो हिरवा, धुक्यासारखा पाला खोचलेला असतो, तोच हा. फुलवाले त्याला शतावरी म्हणतात, आणि गंमत म्हणजे नर्सरीवाल्यापेक्षा फुलवाला बरोबर आहे! हे झाड शतावरीच्याच कुळातलं. त्याला बारीक फुलं येतात, मग लाल किंवा काळपट फळं येतात. आणि फळ आलं की ते फर्न नाही, विषय संपला. नीट हात फिरवला तर देठावर काटेही लागतात. यात सॅपोजेनिन नावाची द्रव्यं असतात. कुत्र्याने फळं खाल्ली तर उलट्या, जुलाब, पोटदुखी. पाल्यात रोज अंग घासलं तर कातडीला खाज आणि पुरळ. जीव सहसा जात नाही, पण घर आणि कुत्रं दोघांचेही हाल होतात.

तिसरं, आईचं 'मोठं फर्न', म्हणजे सायकस. हे नाव फोटोवरून कळलं तेव्हा रूममेटचा चेहरा पडला, कारण ती माझ्या आधी पुढचं वाचून बसली होती.

सायकस हे देवदार-पाइन यांच्यासारखं बी उघडी असणारं झाड. फार जुनं कूळ, डायनासोरच्या काळात भरभराटीला आलेलं. त्याला फर्न समजण्यात आईचा काही दोष नाही. सायकसच्या कोवळ्या पानाच्या पाती घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या असतात आणि हळूहळू उलगडतात, अगदी नेच्यासारख्या. एकोणिसाव्या शतकात गुस्ताव कुंझे नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने आफ्रिकेतल्या अशाच एका सायकसच्या भाईबंदाला चक्क फर्न म्हणून नाव देऊन टाकलं होतं. पुढे त्याला शंकू आला तेव्हा उलगडा झाला. तेव्हा 'कोवळं पान गुंडाळलेलं दिसलं की फर्न' ही कसोटी बाद. आपल्या भाषेत सांगायचं तर ती नेसेसरी असेल, सफिशिएंट नाही.

याचं इंग्रजी नाव सागो पाम. म्हणजे ना पाम, ना आपला साबुदाणा! खरा सागो येतो आग्नेय आशियातल्या एका वेगळ्याच ताडाच्या खोडातून. आपल्या एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा त्याहून वेगळा, तो टॅपिओकाच्या कंदाचा, बराचसा तमिळनाडूतल्या सेलमचा. नावांचा असा गुंता असल्यावर नुसत्या नावावर कुत्रा सोपवायचा कसा?

सायकसमध्ये सायकेसिन असतं. ते झाडात असताना साखरेला बांधलेलं, गप्प असतं. पोटात गेलं की आतड्यातले जंतू ती साखर तोडतात, आणि मग जे मोकळं होतं ते यकृतावर जातं. आधी उलट्या, सुस्ती. मग दोन-तीन दिवसांत कावीळ, रक्त न गोठणं, यकृत निकामी. झाडाचा प्रत्येक भाग विषारी, त्यातही बी सगळ्यात जहाल. एक-दोन बियासुद्धा कुत्र्याला पुरतात. अमेरिकेत १९८७ ते १९९७ या काळातल्या सायकस खाल्लेल्या ६० कुत्र्यांच्या नोंदी पशुवैद्यकांनी तपासल्या, तर जवळजवळ एक तृतीयांश कुत्री दगावली होती. आणि हे झाड आपल्याकडे बंगल्यांच्या, ऑफिसांच्या, हॉटेलांच्या दारात शोभेला असतं. आपल्या कॉलेजच्या पोर्चमध्येही दोन आहेत. कॅन्टीनच्या कुत्र्यांना कुणी सांगायचं?

सव्वाअकराला फोटो आले. पहिल्यात आईचा अंगठा. दुसऱ्यात सायकस, पानं शाबूत, खाली माती धुतलेली, कुत्र्याच्या पायाचा ठसा नाही. तिसऱ्यात शतावरी, तीही धड. चौथ्यात जो काही अवशेष उरला होता त्याचं पान उलटं धरलेलं, आणि त्यावर दोन्ही बाजूंना ओळीने तपकिरी ठिपके. नेफ्रोलेपिस. खरा नेचा.

इथे हा लेख संपला असता तर बरं झालं असतं. पण चौथ्या फोटोत कुंडी आडवी पडली होती आणि माती पडवीभर उकरलेली होती. पाला खाणारं कुत्रं पाला ओढतं, फाडतं. तळापर्यंत माती कशाला उकरेल? मी आईला विचारलं, "कुंडीत काय घातलं होतंस?"

"काही नाही गं. रविवारी पेंड घातली मूठभर."

"कसली पेंड?"

आई पिशवी घेऊन आली, टॉर्च धरून वाचलं. एरंडी पेंड.

एरंडाच्या बीमध्ये रिसिन असतं. जगातल्या ज्ञात विषांमध्ये त्याचा नंबर बराच वर लागतो. तेल काढताना ते तेलात उतरत नाही, कारण ते प्रथिन आहे. म्हणून एरंडेल आपल्या आज्या बिनदिक्कत पाजत आल्या. रिसिन राहतं मागच्या चोथ्यात, म्हणजे पेंडीत. पेंड नीट तापवली तर ते मरतं, पण आमच्या पिशवीवर त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. एरंडाचं पीक देशात सगळ्यात जास्त गुजरातेत, आणि आमच्याकडून सीमा म्हणजे सायकलवरचं अंतर. त्यामुळे पेंड स्वस्त, सेंद्रिय, नत्र भरपूर. झाडं खूश. वाळवीही कमी लागते म्हणतात. कुत्र्यांना तिचा वास आवडतो, त्यात हाडांची भुकटी मिसळलेली असेल तर मग विचारूच नका. अशा सेंद्रिय खतातून कुत्र्यांना विषबाधा झाल्याच्या नोंदी परदेशात बऱ्याच आहेत. लक्षणं दिसायला कित्येक तास लागतात, आणि तीच खरी भीती. कुत्रं शेपूट हलवत समोर बसलेलं असतं.

बंड्याही शेपूटच हलवत होता. आई म्हणाली, "बघ, ठीक आहे की! सकाळी बघू."

मी म्हटलं, सकाळी नाही, आत्ता.

पुढचा तास मी इथे होते आणि सगळं तिकडे घडत होतं, त्यामुळे मला ते फोनवरूनच माहीत. एक जनावरांचे डॉक्टर ओळखीचे होते. त्यांचं रोजचं काम गाई-म्हशी आणि बकऱ्यांचं. त्यांनी पहिल्या रिंगला फोन उचलला. त्यांनी दोन प्रश्न विचारले, किती वेळ झाला आणि पिशवी हाताशी आहे का. मग दोन गोष्टी बजावल्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, कारण मीठच कुत्र्याला बाधतं. दूध किंवा तेल काही पाजू नका. पिशवी आणि पान घेऊन या. शेजारच्या काकांनी रिक्षा काढली. त्या पावसात आई मांडीवर बंड्याला आणि पदरात पेंडीची पिशवी घेऊन डहाणूला गेली. तिथे वजन झालं, उलटी काढायचं इंजेक्शन झालं. जे बाहेर आलं त्यात पाला थोडा आणि पेंडच जास्त होती. मग कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजली, म्हणजे उरलंसुरलं विष तिला चिकटतं. रिसिनवर उतारा नाही. जे करायचं ते ते रक्तात जायच्या आत, आणि नंतर सलाइन लावून वाट बघायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला रक्ताचे जुलाब झाले. आईने हे मला टेस्ट संपेपर्यंत सांगितलं नाही. बाबा नाइट करून आले ते तसेच त्याच्याजवळ बसले, आणि दुसऱ्या रात्री कंपनीत गेलेच नाहीत. बाबांनी खाडा केल्याचं मला तरी आठवत नाही. तिसऱ्या दिवशी बंड्याने उठून पाणी प्यायलं. चौथ्या दिवशी भात. (टेस्टमध्ये मला २० पैकी ११. बंड्यावर ढकलता आले.)

शनिवारी मी घरी गेले. पहिला प्रश्न सायकसचा होता. मी जे वाचलं होतं ते ऐकून आईने कोयताच काढला. बाबा म्हणाले, आजोबांच्या हातचं झाड आहे. आई म्हणाली, कुत्रंही घरातलं आहे. दोघांचंही बरोबर, आता करा काय करायचं ते! शेवटी मी झाडाच्या मधोमध वाकून बघितलं. मक्याच्या मोठ्या कणसासारखा उभा शंकू होता, म्हणजे आमचा सायकस नर. त्याला बी धरायचं नाही. पण पानं आणि खोड आहेतच, म्हणून भोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी उभी केली, दोन फूट लांब आणि कमरेएवढी. माझ्या आयुष्यातलं पहिलं सिव्हिल वर्क. शतावरी गच्चीवर गेली. एरंडीच्या पेंडीची पिशवी डॉक्टरांनी ठेवूनच घेतली होती. नेच्याची उरलेली गड्डी नव्या मातीत लावून पडवीच्या वाशाला टांगली.

जाळी ठोकताना आमच्याकडे चिकू निवडायला येणाऱ्या आजी शेजारी बसल्या होत्या. त्या तलासरीकडच्या, वारली. त्यांना मी उत्साहाने सगळं सांगितलं, सायकेसिन, रिसिन, अमेरिका. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "पाल्याला विख असतंच बाय. शेवळी नाय का खात आपण?"

मी गप्पच झाले. जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर आमच्या बाजारात शेवळीच्या जुड्या येतात आणि शेजारी काकडांचे वाटे असतात. ही काकडी नव्हे, काकड नावाच्या झाडाची आंबट हिरवी फळं. ती घातल्याशिवाय शेवळी कुणी शिजवत नाही, नाहीतर घशाला अशी खाज सुटते की बोलायची सोय नाही. अळूला चिंच तशीच. त्या खाजेमागे कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, आणि दिवाणखान्यातल्या मनीप्लांटमध्ये आणि डिफेनबाखियामध्येही तेच असतात. कुत्र्याने ते चावले की तोंड सुजतं, लाळ गळते. कडू कंद तर राखेत उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात. आणि हे मी नंतर वाचलं: केरळात सायकसच्या बियांचंही पीठ करून खातात, पण पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन. म्हणजे ज्या विषाची मी रात्रभर धास्ती घेतली होती ते लोकांनी कधीच पाण्यात सोडून दिलं होतं.

"माणसाला करून खाता येतं," आजी म्हणाल्या, "कुत्र्याला कोण करून घालणार?"

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर ज्युनिअर्स 'खरं फर्न म्हणजे सेफ' एवढंच लक्षात ठेवतील. ब्रॅकन नावाचा डोंगराळ भागातला नेचा आहे. तो खरा नेचा, पाठीवर बीजाणूही असतात, आणि तरी विषारी. उत्तराखंडात कुमाऊँच्या डोंगरात गाईंना लघवीतून रक्त जाण्याचा जो जुना रोग आहे, त्याचा संबंध ब्रॅकनसारख्या नेच्यांशी लावला जातो, आणि मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेत त्यावर काम झालेलं आहे. ब्रॅकन कुंडीत कुणी विकत नाही, म्हणून आपण वाचतो. ठिपके दिसले तर शतावरी आणि सायकस बाद झाले, एवढंच खात्रीने म्हणता येतं. पुढे झाडाचं पूर्ण नाव लागतंच. आणि कोवळ्या रोपाला ठिपके नसले तर उत्तर 'विषारी' असं नाही, 'सेफ' असंही नाही. तोवर ती कुंडी वर टांगायची, बस्स.

टांगलेल्या नेच्याने महिन्याभरात चांगला जोर धरला. नेफ्रोलेपिसला मुळाशी दोऱ्यासारखे फुटवे येतात आणि जिथे माती लागेल तिथे नवं रोप होतं. त्यातलं एक आजींनी मागितलं, त्यांच्या पाड्यावरच्या विहिरीच्या कठड्याला लावायला. आईने रोप कागदात गुंडाळलं आणि सवयीने म्हणाली, "खत देऊ का थोडं?"

"पेंड नको बाय," आजी म्हणाल्या, "आमची कुत्री चार हायेत. शेण हाय आमच्याकडं."